एस्टोनिया : काळ्या पावाचा देश

बाल्टिक समुद्राच्या काठी वसलेल्या टालिन नगराच्या जुन्या भागात मध्यभागी एक मोठा दगडी चौक आहे. त्याच्या एका बाजूस १४०४ साली पूर्ण झालेले नगरभवन आजही उभे आहे. चौकातच पूर्वी वजनकाट्याची इमारत होती आणि व्यापाऱ्यांचा माल तिथे नगराच्या अधिकृत काट्यावर तोलला जाई. दुसऱ्या महायुद्धात ती इमारत नष्ट झाली. चौकाच्या एका कडेने एक अरुंद बोळ निघतो. त्याचे नाव साइआकांग. एस्टोनियन भाषेत ‘साइ’ म्हणजे गव्हाचा पांढरा पाव, तेव्हा हा पांढऱ्या पावाचा बोळ. मध्ययुगात इथे भटाऱ्यांची दुकाने होती आणि नगरातील संपन्न घरांच्या ताटात जाणारा पाव इथे विकला जाई.

बोळ इतका आखूड की चालू लागताच संपतो. पलीकडे पवित्र आत्म्याचे चर्च लागते. त्याच्या भिंतीवरील रंगीत लाकडी घड्याळ सतराव्या शतकातले आहे आणि बहुतेक प्रवासी त्याचे छायाचित्र घेऊन पुढे निघतात. परंतु या चर्चचे खरे महत्त्व घड्याळात नाही. नगरातील हमाल, गडी, मोलकरणी आणि लहान कारागीर यांच्यासाठी त्यांच्याच एस्टोनियन भाषेत प्रवचन होई ते इथे. याच चर्चचे उपदेशक योहान कोएल यांनी भाषांतरित केलेली धर्मप्रश्नोत्तरी १५३५ साली छापली गेली. काही पानांच्या रूपाने का होईना, आज हाती असलेले एस्टोनियन भाषेतील ते सर्वांत जुने छापील पुस्तक होय. चर्चसमोर रस्ता ओलांडला की व्यापाऱ्यांच्या थोरल्या महाजनाचे, म्हणजे गिल्डचे, १४१० सालचे सभागृह आहे. त्याच्या जवळच ‘माइआस्मोक’ हे १८६४ पासून चालू असलेले कॉफीगृह असून बदामाच्या मार्झिपान मिठाईसाठी ते प्रसिद्ध आहे. ही मिठाई एके काळी रशियाच्या राजदरबारीही जात असे.

व्यापाऱ्यांचे सभागृह, पांढऱ्या पावाचा बोळ, बदामाची मिठाई आणि पोती वाहणाऱ्यांचे चर्च हे सारे शंभर-दीडशे पावलांच्या आत आहे. एस्टोनियाच्या अन्नाची कथा समजून घ्यायची तर ती या चार जागांपासून सुरू करावी लागते, कारण त्यांपैकी पहिल्या तीन जागा ज्यांच्या होत्या, ते लोक एस्टोनियन नव्हते.

देश लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर, त्यातील जवळपास निम्मे जंगल, आणि लोकसंख्या तेरा-चौदा लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहराच्या निम्मीदेखील नाही. हिवाळ्यात दिवस जेमतेम सहा तासांचा. अशा हवेत आणि हलक्या, दगडाळ जमिनीत भरवशाने येणारे धान्य म्हणजे राय. (मोहरीची राई ती वेगळी, हे गव्हाच्या कुळातील तृणधान्य आहे.) उन्हाळा सरता सरता ती पेरतात. रोपे हिवाळाभर बर्फाखाली राहतात आणि पुढल्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास पीक हाती येते. या धान्याच्या पिठाचा जो घट्ट, जड, गडद तपकिरी रंगाचा पाव होतो, त्याला एस्टोनियन लोक ‘लेइब’ म्हणतात. इंग्रजीत किंवा हिंदीत काळा पाव आणि पांढरा पाव हे एकाच वस्तूचे दोन प्रकार वाटतात. एस्टोनियन भाषेत तसे नाही. लेइब आणि साइ या दोन स्वतंत्र वस्तू आहेत, जशा मराठीत भाकरी आणि पाव. लेइब हे अन्न आहे. साइ ही सणावाराची, बाजारातून आणायची चीज होती.

मराठी माणसाला हा भेद समजावून सांगावा लागत नाही, कारण ‘भाकरी’ या शब्दाने मराठीत जितके वजन वाहिले आहे, तितकेच तिकडे ‘लेइब’ने वाहिले आहे. ज्याच्याकडे माणूस चाकरीस असतो त्याला ‘लेइवाइसा’ म्हणतात. शब्दशः अर्थ पावाचा पिता, आणि आपल्याकडचा नेमका प्रतिशब्द ‘अन्नदाता’. दोघांनी संसार मांडला की ‘त्यांनी आपले पाव एका कपाटात ठेवले’ असे म्हणतात. दुपारच्या जेवणानंतर घटकाभर आडवे होण्याला ‘पाव हाडात उतरू देणे’ असा वाक्प्रचार आहे. आणि पावाबरोबर जे जे काही खाल्ले जाते, मग ते लोणी असो, दही असो वा मासा, त्या सर्वांना मिळून ‘लेइवाकर्वाने’ असा एकच जुना शब्द आहे. त्याचा अर्थ पावाच्या शेजारचे. देशावरच्या घरांत भाकरीबरोबरच्या कालवणाला ‘कोरड्यास’ म्हणतात, तोच हा न्याय : मुख्य अन्न एक, बाकी सारे त्याच्या सोबतीला. जेवणाऱ्या माणसांच्या घरात कोणी शिरले तर तो ‘यॅत्कु लेइबा’, म्हणजे ‘पाव पुरत राहो’, असे म्हणतो. पाव भरपूर असो असे तो म्हणत नाही, पुरत राहो एवढेच म्हणतो. या शुभेच्छेत कित्येक पिढ्यांची उपासमार दडलेली आहे. पावाचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून त्याचे चुंबन घेण्याची जुनी रीत आहे. अन्नाला पाय लागला तर आपण नमस्कार करतो, त्यातलाच हा भाव.

पाव करण्याची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. रायच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते पीठ नुसत्या यीस्टने नीट फुगत नाही. त्याला आंबवण लागते. मागच्या खेपेचे थोडे पीठ राखून त्यावर पुढचे आंबवायचे, अगदी विरजणासारखे. शेतकऱ्याच्या घरी पीठ भिजवण्याचे लाकडी पिंप असे आणि ते कधी धूत नसत, कारण त्याच्या कडांना चिकटून राहिलेले पीठ हेच पुढल्या पावाचे विरजण. हे आंबवण आजही एका घरातून दुसऱ्या घरात मागून नेले जाते. ज्यांच्याकडे शेजारून विरजण मागून आणण्याची पद्धत अजून आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता तो व्यापार. टालिनचे जुने नाव रेव्हाल. १२४८ साली या नगराला जर्मनीतील ल्यूबेक शहराचा कायदा मिळाला आणि पुढे ते हान्सा नावाच्या व्यापारी नगरसंघात सामील झाले. पश्चिमेकडून मीठ, कापड आणि खारवलेले मासे येत. पूर्वेकडून मेण, कातडी, जवसाच्या झाडाचा धागा आणि धान्य जाई. टालिन मिठावर उभे राहिले असे तिथे आजही म्हणतात. जुन्या नगरातील व्यापाऱ्यांची घरे पाहिली की धंद्याची रीत ध्यानात येते. खाली पेढी, मागे कुटुंब, आणि वरचे मजले म्हणजे गोदाम. उंच त्रिकोणी दर्शनी भिंतीतून बाहेर आलेली तुळई आणि तिच्यावरची कप्पी, ज्यावरून पोती वर ओढली जात, ती काही घरांवर अजून दिसते. व्यापाऱ्याने आपला माल नजरेसमोर ठेवून झोपावे ही पद्धत जगात सर्वत्र सारखीच.

बाल्टिकच्या रायला पश्चिम युरोपातील बंदरांत मान होता, आणि त्याचे कारण शेतकऱ्याच्या झोपडीत होते. तिथल्या ओलसर शरद ऋतूत कापलेली कणसे उन्हात वाळत नाहीत. म्हणून एस्टोनियन शेतकरी आपल्या घराच्या मुख्य खोलीतच छताखाली आडव्या काठ्यांवर पेंढ्या रचत आणि खाली धुराडे नसलेली मोठी भट्टी पेटवीत. या घराला ‘रेही’ म्हणत. धूर आणि उष्णता यांनी दाणा खडखडीत वाळे. त्याला कीड लागत नसे, जहाजाच्या तळघरात तो कुजत नसे. मालाचा हा दर्जा बाजारात दाम मिळवून देई. मात्र ज्या खोलीत तो धूर कोंडे, त्याच खोलीत शेतकऱ्याचे कुटुंब हिवाळा काढी. टालिनलगतच्या रोक्का अल मारे येथील खुल्या संग्रहालयात अशी घरे मूळ गावांतून उचलून आणून पुन्हा उभारली आहेत. आत शिरताच काळवंडलेल्या लाकडांकडे पाहून कळते की या धान्याचा एक खर्च कुठल्याच वहीत मांडला गेला नव्हता.

दाम शेतकऱ्याला मिळत नसे. जमीन जर्मन जमीनदारांची, आणि शेतकरी त्या जमिनीला बांधलेला भूदास. राज्यकर्ते बदलत गेले, कधी डेन्मार्क, कधी जर्मन धर्मयोद्ध्यांचा संघ, मग स्वीडन, मग रशिया. जमीनदार मात्र तेच राहिले. चांगली राय बाहेर जाई आणि पिकवणारा वाईट सालात पिठात कोंडा नि भुसा मिसळून पाव भाजी. १६९५ ते १६९७ या तीन वर्षांत ओळीने पीक बुडाले आणि देशातील सुमारे पाचवा हिस्सा माणसे दगावली.

जर्मन माणसाला एस्टोनियन भाषेत ‘साक्स’ म्हणत. काळाच्या ओघात या शब्दाचा अर्थ ‘मालक’ किंवा ‘साहेब’ असाही झाला. एखादा एस्टोनियन शिकला, शहरात गेला, चार पैसे बाळगू लागला की तो जर्मन बोलू लागे, जर्मन नाव आणि जर्मन पोशाख घेई आणि गव्हाचा पाव खाई. वर चढणे म्हणजे आपल्या लोकांतून बाहेर पडणे, असा तो हिशेब होता. अशा माणसाला गावकरी ‘कादाकासाक्स’ म्हणून हिणवीत. कादाकास म्हणजे ज्युनिपरचे खुरटे झुडूप. तेव्हा हा झुडपातला साहेब. स्वतःला ‘एस्टोनियन’ म्हणण्याची रीत तोवर नव्हती. हे लोक स्वतःला नुसते ‘मारह्वास’, म्हणजे भूमीचे लोक, म्हणत. राजा नव्हता, दरबार नव्हता, म्हणून राजवाड्याचा मुदपाकखानाही नव्हता. एस्टोनियन भाषेतील पहिले पाककृतींचे पुस्तक १७८१ साली निघाले ते स्वीडिशवरून भाषांतरित होते, आणि ते एस्टोनियन घरांसाठी नव्हतेच. जमीनदारांच्या कोठ्यांत रांधणाऱ्या एस्टोनियन आचाऱ्यांना मालकांचे पदार्थ नीट करता यावेत यासाठी ते होते.

भूदासपद उत्तर भागात १८१६ मध्ये आणि दक्षिण भागात १८१९ मध्ये रद्द झाले, पण जमीन मिळाली नाही. ती पुढे विकत घेता येऊ लागली, आणि इथे या कथेत एक अनपेक्षित वळण आहे, जे मुंबईच्या व्यापारी घराण्यांना परिचयाचे वाटेल.

दक्षिण एस्टोनियात विल्यांदी नगराच्या परिसरात मुल्गीमा नावाचा प्रांत आहे. (मराठी कानाला हे नाव गोड लागते, प्रत्यक्षात ते शेजारच्या लॅट्व्हियन लोकांनी दिलेल्या ‘मूर्ख’ अशा अर्थाच्या टोपणनावावरून आले आहे असे मानतात.) इथले शेतकरी जवसाचे, म्हणजे लिननच्या धाग्याचे, पीक घेत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिथला कापूस युरोपात येईनासा झाला, आणि गिरण्यांना दुसरा धागा शोधणे भाग पडले. हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशांचा पूर लोटला. प्रेमचंद रायचंद यांचा तो काळ. त्याच वर्षांत, त्याच युद्धामुळे, जवसाच्या धाग्याचे भावही चढले आणि मुल्गीमाच्या शेतकऱ्यांच्या हाती प्रथमच रोकड आली. मुंबईत तो पैसा शेअरबाजारात आणि समुद्र भरून काढण्याच्या कंपन्यांत गेला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. प्रेमचंदांच्या देणगीतून, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. त्या घड्याळाचे टोले ऐकून त्या वृद्ध मातेला सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळे, असे अजून सांगतात. मुल्गीमात शेअरबाजार नव्हता. तिथल्या शेतकऱ्याने धाग्याच्या पैशातून एकच वस्तू घेतली : ज्या जमिनीवर त्याचे बापजादे राबले होते, तीच जमीन.

या नवमालकांनी एक गोष्ट केली नाही. ते जर्मन झाले नाहीत. लांब काळा लोकरी कोट हा त्यांचा जुना पोशाख त्यांनी ऐटीने चालू ठेवला, मुलांना शिकवले, आणि ताटात तेच ठेवले जे पूर्वी होते. बटाटे आणि जवाचा भरडा एकत्र शिजवून घोटलेला ‘मुल्गी पुदेर’ हा त्यांचा पदार्थ. बटाटा तिथे नवा होता आणि तो धान्य वाचवी. आज हा पदार्थ मुल्गीमाची ओळख समजला जातो, आणि २०२४ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. ज्या ताटात मेजवानीचे काहीही नाही, असे ताट त्या यादीत जाणे ही साधी गोष्ट नाही.

‘एस्टोनियन राष्ट्र’ हा शब्द ज्या पिढीत रूढ झाला, ती याच काळातली. १८५७ मध्ये योहान वोल्देमार यान्सेन यांनी आपल्या वृत्तपत्रात वाचकांना ‘एस्टोनियन जन’ म्हणून संबोधले. १८६९ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने तार्तू येथे पहिला गीतमहोत्सव भरला. १८७८ मध्ये कार्ल रॉबर्ट याकोबसन यांनी विल्यांदीहून ‘साकाला’ हे पत्र काढले. ते स्वतः शेती करीत आणि शेतकऱ्यांसाठी शेतीवर लिहीत. गीते, वृत्तपत्रे आणि शेती या तीन गोष्टींनी तिथला राष्ट्रवाद उभा केला, आणि शेतीच्या मुळाशी राय होती.

गंमत अशी की त्या रायचे सर्वांत नावाजलेले बियाणे एका जर्मन सरदाराने तयार केले. दक्षिणेकडील सांगास्ते येथील काउंट फ्रिडरिख फोन बेर्ग यांना लोक ‘रायचा काउंट’ म्हणत. त्यांनी १८७५ च्या सुमारास निवडून वाढवलेले ‘सांगास्ते’ हे उंच ताटांचे वाण आजही पेरले जाते, आणि जगात अजून लागवडीत असलेल्या सर्वांत जुन्या राय-वाणांत त्याची गणना होते. १९१८ मध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाला आणि १९१९ च्या कायद्याने जमीनदारांच्या मोठ्या मिळकती काढून शेतकऱ्यांना वाटल्या. बेर्ग मात्र देश सोडून गेले नाहीत. १९३८ मध्ये, नव्वदी ओलांडून, ते वारले. पुढच्याच वर्षी, १९३९ च्या शरदात, हिटलरच्या हाकेवरून बाल्टिकच्या जर्मन कुटुंबांनी जहाजे पकडली. सात शतके ज्यांनी नगराचा काटा, महाजन आणि गोदामे सांभाळली, त्यांतील बहुतेक सर्व काही महिन्यांत निघून गेले. मागे राहिले ते त्यांच्या स्वयंपाकघरातले पदार्थ : आंबवलेली कोबी, बदामाची मिठाई, वेटोळ्याच्या आकाराचा गोड पाव. हे सारे आज एस्टोनियन म्हणूनच ओळखले जाते आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

एस्टोनियाच्या ताटाबद्दल खरे बोलायचे तर त्यातले बरेचसे उसने आहे, आणि मांसमच्छीचे प्रमाणही मोठे आहे. २४ फेब्रुवारीच्या स्वातंत्र्यदिनी काळ्या पावाच्या कापावर मसाल्यात मुरवलेला लहान मासा ठेवून खाण्याची प्रथा आहे. नाताळच्या ताटाचा तर इथे उल्लेखही नको. परंतु मासा बदलतो, मांस बदलते. खालचा काप बदलत नाही. देशाचे राष्ट्रीय फूल म्हणून १९६८ मध्ये जे निवडले गेले, ते निळे कॉर्नफ्लॉवर मुळात रायच्या शेतात उगवणारे तण आहे, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे.

१९४० मध्ये सोव्हिएत सत्ता आली, मग जर्मन, आणि १९४४ मध्ये पुन्हा सोव्हिएत. २५ मार्च १९४९ रोजी सुरू झालेल्या हद्दपारीत वीस हजारांहून अधिक माणसे सायबेरियात पाठवली गेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते, आणि त्यांतील पुष्कळांचा गुन्हा एवढाच की त्यांचे शेत इतरांपेक्षा बरे चालले होते. धाक असा बसला की उरलेल्यांपैकी बहुतेक शेतकरी काही आठवड्यांतच सामुदायिक शेतीत सामील झाले. आजोबांनी धाग्याच्या पैशातून घेतलेली जमीन नातवाच्या डोळ्यांदेखत गेली. छावण्यांतून परतलेल्यांच्या आठवणींत पाव ग्रॅममध्ये मोजलेला आढळतो.

घरामागचा एक लहान तुकडा आणि एखादी गाय मात्र कुटुंबाकडे ठेवायला परवानगी होती. त्या तुकड्याने बरेच काही राखले. भाज्या, बरण्यांत साठवलेले लोणच्याचे प्रकार, जंगलातून वेचून आणलेली बोरासारखी आंबटगोड फळे, आणि ‘कमा’.

कमा ही वस्तू मराठी घरात गेली तर कोणी विचारणारही नाही की हे काय आहे. जव, राय, ओट आणि वाटाणा भाजून एकत्र दळलेले हे पीठ. आपले सातूचे पीठ ज्या विचाराने जन्मले, त्याच विचाराने हेही जन्मले : भाजलेले असल्यामुळे टिकते, चूल पेटवावी लागत नाही, वाटेत जिथे ताक मिळेल तिथे कालवून खाता येते. शेतावर, जंगलात लाकूडतोडीला जाणारे लोक ते बरोबर नेत. सोव्हिएत काळात कोको दुर्मीळ झाला, तेव्हा टालिनच्या ‘कालेव’ मिठाई कारखान्याने सत्तरच्या दशकात चॉकलेटच्या जागी कमाची वडी काढली. टंचाईतून निघालेली ती वडी टंचाई संपल्यावरही बाजारात टिकून राहिली. त्याच काळातला आणखी एक लाडका पदार्थ म्हणजे ‘कोहुके’. चक्क्यासारखे घट्ट दही गोड करून त्याच्या कांडीवर चॉकलेटचा थर दिलेला असतो. श्रीखंडाच्या चाहत्याला तो पटकन आवडेल.

१९८८ च्या सप्टेंबरात टालिनच्या गीतमैदानावर लाखो लोक जमून गात होते. २० ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्य परत आले. त्यानंतरची दहा वर्षे दुकाने परदेशी मालाने भरली आणि देशी पदार्थ जुनाट वाटू लागले. ते स्वाभाविकच होते. उलट वारे पुढच्या पिढीत वाहू लागले. मोठमोठ्या उपाहारगृहांत आज जेवणाआधी काळा पाव आणि लोणी येते, कमा मिष्टान्नांत शिरला आहे, आणि अनेक उपाहारगृहे स्वतःचा पाव स्वतः आंबवतात. जो पदार्थ भूदासाच्या ताटात होता म्हणून लपवला जाई, तो आता पाहुण्यापुढे प्रथम मांडला जातो.

एक प्रश्न मात्र पावाने सुटलेला नाही. देशातील सुमारे एकपंचमांश लोक रशियन आहेत, आणि सरहद्दीवरील नार्व्हा शहरात तर त्यांचेच बहुमत आहे. काळा पाव त्यांचाही आहे. पाइप्सी सरोवराच्या काठी सतराव्या शतकापासून पुढे छळाला कंटाळून आलेले रशियन ‘जुन्या श्रद्धेचे’ लोक राहतात. ते वाफ्यांत कांदा पिकवतात आणि रस्त्याकडेला त्याच्या माळा टांगून विकतात. त्या भागाला ‘कांद्याचा रस्ता’ म्हणूनच पर्यटक ओळखतात. कांदा वर्ज्य असलेल्या प्रवाशानेही तो डोळ्यांनी पाहण्याजोगा आहे. ही माणसे तिथे तीनशे वर्षे आहेत, तरी त्यांना आणि सोव्हिएत काळात आलेल्या कामगारांना एस्टोनियन म्हणायचे की नाही, हा वाद भाषेवरून चालतो. ताटावरून पाहिले तर तो वाद शोधूनही सापडणार नाही.

शाकाहारी प्रवाशाची एस्टोनियात फारशी अडचण होत नाही, पण सावध राहावे लागते. मुल्गी पुदेरवर बहुतेक ठिकाणी डुकराचे मांस परतून घालतात, म्हणून ते न घालण्याविषयी आधीच सांगावे. कंदमुळे न खाणाऱ्यांनी तर तो वर्ज्यच समजावा. पाव आंबवलेला आणि शिळाच खाण्याचा असतो, हे ज्याने त्याने आपल्या नियमानुसार ठरवावे. कमा मात्र कोणत्याही किराणा दुकानात कागदी पाकिटात मिळतो. पेलाभर ताकात तीन-चार चमचे पीठ, चवीला मीठ किंवा साखर, एवढे पुरे. ढवळून पाच मिनिटे ठेवावे लागते. मग पीठ फुगून दाट होते आणि चमच्याने खाता येते.